दीडशे किलोमीटर आणि एक दिवस

श्रोतेहो, समजा आपण शनिवारी सकाळी दहाला विमानात बसलो आणि पाऊण तासानं उतरलो. घड्याळात बरोबर पावणेअकरा. पण तिथल्या भिंतीवरचं कॅलेंडर म्हणतं, आज शुक्रवार! ही थाप नव्हे. पॅसिफिक महासागरातल्या सामोआचा फालेओलो आणि अमेरिकन सामोआचा पॅगो पॅगो, या दोन विमानतळांमध्ये हे रोज घडतं. अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. दोहोंकडे भाषा एकच आणि नातीगोतीही गुंतलेली. मग हा एक दिवस मध्ये आला कुठून?

१८९९ साली जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन यांनी करार करून ही बेटं वाटून घेतली. पश्चिमेकडची जर्मनीला, पूर्वेकडची अमेरिकेला. पॅगो पॅगोचं खोल, सुरक्षित बंदर अमेरिकी आरमाराला कोळसा भरण्यासाठी हवं होतं. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच पश्चिम भाग न्यूझीलंडनं घेतला.

या वाटणीची किंमत १९१८ साली कळली. ७ नोव्हेंबरला 'तालून' ही आगबोट ऑकलंडहून आपियाला आली. तिच्यात इन्फ्लुएंझाचे रोगी होते. तरी उतारूंना अडवलं नाही. काही आठवड्यांत पश्चिम सामोआतली सुमारे एक पंचमांश माणसं गेली. पलीकडे अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयर यांनी बाहेरून येणाऱ्या बोटींवर कडक बंदी घातली. तिथं या साथीनं एकही माणूस दगावलं नाही. मधला समुद्र तोच. फरक पडला तो हुकूम देणाऱ्यांचा.

आता दिवसाची गोष्ट. १८९२ साली अमेरिकेशी व्यापार सोपा जावा म्हणून सामोआनं अमेरिकेकडची तारीख स्वीकारली. त्या वर्षी ४ जुलै तिथं दोनदा आली. पुढं १९६२ मध्ये पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला आणि त्याचा व्यवहार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला. मग अडचण अशी, की इकडे शुक्रवारी कचेऱ्या उघड्या, तर तिकडे शनिवारची सुट्टी. इकडे रविवारची प्रार्थना, तर तिकडे सोमवारचं कामकाज. आठवड्याचे दोन दिवस फुकट! म्हणून २०११ साली सामोआनं वाररेषा ओलांडली. गुरुवारी, २९ डिसेंबरला लोक झोपले ते एकदम शनिवारी, ३१ तारखेला उठले. मधला शुक्रवार उगवलाच नाही. मात्र त्याचा पगार कामगारांना मिळाला, बरं का!

अमेरिकन सामोआ मात्र होता तिथंच राहिला. तेव्हापासून आपियातल्या शनिवारच्या लग्नाला यायचं, तर पॅगो पॅगोच्या मामा-मावशीला शुक्रवारीच निघावं लागतं. लग्न उरकून संध्याकाळी परतावं, तर घरी अजून शुक्रवारच असतो.