चांद्याचा परकोट आणि लोकांचे हात

कोरपन्याहून चांद्यास जावयाचे म्हणजे गडचांदूर आणि राजुरा मागे टाकून वर्धा नदी ओलांडावी लागते. गडचांदूरच्या पुढे-मागे सिमेंटच्या कारखान्यांची धुराडी आणि चुनखडीच्या खाणी दिसतात, दक्षिणेकडे माणिकगडच्या डोंगराची निळसर रांग दिसते. नदीपलीकडे बल्लारपूर लागते आणि मग चांदा. या शहरास १९६४ पासून चंद्रपूर हे नाव रूढ झाले, तथापि आमच्याकडील वडीलधारी माणसे अद्यापि ‘चांद्याला जाऊन येतो’ असेच म्हणतात. हा प्रवास आम्ही लहानपणापासून शेकडो वेळा केला असेल. परंतु शहराभोवतीच्या त्या प्रचंड दगडी परकोटाकडे आम्ही कधी मान वर करून पाहिले नव्हते, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. कचेरीचे काम, दवाखाना, बाजार, चैत्रातील महाकालीची यात्रा, एवढ्यासाठी आम्ही शहरात जात असू. परकोट ही एक अडचण होती. दरवाज्यातून गाडी निघेपर्यंत थांबावे लागे, एवढीच तिची आमच्या लेखी किंमत.

वस्तुतः ज्या प्रदेशात आम्ही राहतो त्याच्या इतिहासाचे दारच ते. बल्लारपुराहून राजधानी चांद्यास हलविली ती गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याने, अशी परंपरा आहे. राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीच्या ओघात तहानेने व्याकुळ झाला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका डबक्याच्या पाण्याने त्याची तहान भागली आणि व्याधीही गेली. तेथे पुढे अचलेश्वराचे देऊळ झाले. त्याच परिसरात एक ससा उलटून कुत्र्याच्या पाठीस लागलेला राजाने पाहिला, आणि ससा ज्या वाटेने धावला त्याच वाटेने कोटाची आखणी झाली. चांदा जिल्ह्याची जमाबंदी करणारा इंग्रज अधिकारी लुसी स्मिथ याने १८६९ च्या आपल्या अहवालात येथील राजघराण्याच्या परंपरा नोंदवून ठेवल्या. सशाची कथा खरी मानावी की नाही हा प्रश्न निराळा; परंतु दुबळा प्राणी बळवंतावर उलटतो त्या भूमीवर राजधानी वसवावी, ही कल्पना ज्यांना सुचली त्या लोकांच्या मनाचा तो इतिहासच होय.

कोट एका राजाच्या हयातीत पुरा झाला नाही. पायाभरणी एकाने केली आणि शेवट पुढच्या पिढ्यांनी गाठला. घडीव दगडाची १५ ते २० फूट उंचीची भिंत, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे ४ दरवाजे, आणि ५ खिडक्या, असा त्याचा थाट. आत राणी हिराईने आपला पती वीरशहा याची समाधी बांधविली. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतले, आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी तोफांनी तटास खिंडार पाडले. किल्लेदार गंगासिंग त्या लढाईत पडला. त्यानंतर या भिंतीस राखण्यासारखे काही उरले नाही. मुंबईचा कोट १८६० च्या सुमारास बार्टल फ्रेअरच्या कारकिर्दीत पाडला गेला. चांद्याचा मात्र तसाच राहिला, तो कोणी जपला म्हणून नव्हे, तर पाडण्याचीही कोणास गरज वाटली नाही म्हणून.

स्मारकांचे रक्षण करणारा कायदा १९०४ पासून आपल्या देशात आहे. १९५८ चा कायदा त्याहून व्यापक, आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूच्या १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम करण्यास बंदी झाली. चांद्याचा परकोट हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. परंतु कायद्याचा स्वभाव असा की, तो ‘हे करू नका’ एवढेच सांगतो. भिंतीवर पाखराने टाकलेले पिंपळाचे बी त्यास जुमानत नाही. ते चुन्याच्या सांध्यात रुजते, मूळ आत उतरते, मूळ जाड झाले की दगड सरकतो, फटीत पावसाचे पाणी शिरते, आणि मग एका पावसाळ्यात भिंतीचा एक हिस्सा खाली येतो. शत्रूच्या तोफेस जे साधावयास तटावर नेम धरावा लागला, ते पिंपळाचे रोपटे विनासायास करून जाते.

१ मार्च २०१७ रोजी चंद्रपुरातील इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने हा परकोट स्वच्छ करावयास घेतला. तटावरील वाट काटेरी झुडपांनी बुजली होती. बुरुज झाडीत हरवले होते. पायथ्याशी वर्षानुवर्षांचा कचरा साचला होता, आणि लोक तेथे काय काय करीत ते सांगावयास नको. कोयता, कुऱ्हाड, फावडे आणि घमेले एवढीच सामग्री. सकाळी काही तास काम करावे आणि मग ज्याने त्याने आपल्या उद्योगास लागावे, असा क्रम. असे २०० दिवस उलटले तेव्हा, ऑक्टोबर २०१७ मध्ये, पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’ या भाषणात त्याचा गौरवाने उल्लेख केला. काम तेथेच थांबले नाही, हे आम्हांस त्या गौरवाहून मोठे वाटते. स्तुतीनंतर घरी न जाणारी माणसे आपल्याकडे विरळा. पुढे त्यांनी तटावरून नागरिकांना फिरविण्याचा परिपाठ सुरू केला, आणि ज्या भिंतीकडे आमच्यासारखे लोक पाहत नसत तिच्यावरून मुलेबाळे घेऊन कुटुंबे चालू लागली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: हे सरकारचे काम; नागरिकांनी फुकट हात घातला की सरकारास आळसाची सवलत मिळते. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. ढासळलेला बुरुज बांधणे हे अनुभवी गवंड्याचे आणि पुरातत्त्व खात्याचेच काम आहे. उत्साही हातांनी ते करू जाणे हा भिंतीवरचा दुसरा हल्लाच ठरेल. येथे आमच्या तालुक्यातील माणसास सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. आमच्याकडील चुनखडीचे सिमेंट दूरदूर जाते, आणि कोणतीही भेग दिसली की त्यात सिमेंट भरावे असे आम्हांस साहजिकच वाटते. परंतु चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीस सिमेंट मानवत नाही. चुना ओल शोषतो आणि पुन्हा बाहेर सोडतो. सिमेंट कठीण, ते ओल कोंडून धरते, आणि क्षार साचून शेजारचा दगडच झिजू लागतो. म्हणून स्वयंसेवकाच्या कामास मर्यादा हवी: झुडूप कापावे, मूळ उपटून भिंत मोकळी करू नये, कचरा उचलावा, दगड उचलू नये, पाहावे, मोजावे आणि कळवावे.

मात्र ही मर्यादा मान्य करूनही जे उरते ते थोडे नाही. पिंपळ दर पावसाळ्यात पुन्हा फुटतो. कंत्राट वर्षातून एकदा निघते, आणि पुष्कळदा तेही निघत नाही. दररोज होणाऱ्या नुकसानीस दररोजचीच निगा पाहिजे, आणि ती शेजारी राहणारा माणूसच ठेवू शकतो. १९७६ मध्ये आपल्या संविधानात जी मूलभूत कर्तव्ये घातली गेली त्यांत वारशाचे जतन हेही एक आहे. परंतु विदर्भास ते कलमावरून शिकावे लागले नाही. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आणि तुकडोजी महाराजांनी ग्रामसेवेची शिकवण देऊन तेच सांगितले होते. परकोटावरील फावडे हे त्याच खराट्याचे भावंड होय.

इटलीतील लुक्का नावाच्या शहराने आपला सुमारे ४ किलोमीटरांचा तट १९ व्या शतकात झाडे लावून फिरावयाची जागा केला. आज तो त्या शहराचे उद्यानच आहे. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या आणि औष्णिक विजेच्या शहरास अशा मोकळ्या जागेची किती निकड आहे हे तेथील उन्हाळा सोसणाऱ्यास सांगावे लागत नाही. गोंडकालीन रामाळा तलाव ही तशीच एक जागा. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी तो मरू लागला तेव्हा २०२१ च्या आरंभी धोतरे यांनी त्यासाठी उपोषण केले. तलाव काय आणि तट काय, शहरास श्वास घेऊ देणारी स्थळे पूर्वजांनी आयती ठेवली आहेत. ती उघडी ठेवणे एवढेच आपल्याकडे आले आहे. तटाच्या आधारास जी गरीब घरे उभी राहिली आहेत त्यांचा प्रश्न मात्र खराट्याने सुटणारा नाही. तेथे न्यायाने आणि पर्यायी जागा देऊनच वागले पाहिजे, नाहीतर वारशाचे प्रेम हे सुखवस्तू माणसाचे हत्यार ठरेल.

आता आमच्या घरचे. राजुरा तालुका, ज्यात त्या काळी कोरपनाही मोडत असे, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता; मग तो नांदेडास जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्यास. कागदोपत्री आम्ही चांदेकर झालो ते अलीकडेच. परंतु डोंगरावरील माणिकगड, जो परंपरेनुसार माना नागवंशी राजांनी बांधला आणि पुढे गोंड राजांकडे आला, त्या नात्याची साक्ष कितीतरी जुनी देतो. तो जंगलात आहे. तेथे दररोज सकाळी २०० माणसे जमणार नाहीत. तरीही तालुक्यातील एखाद्या शाळेने पावसाळ्यानंतर एक दिवस त्याच्यासाठी राखून ठेवावा, वनखात्याची आणि पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी घ्यावी, पोरांनी कचरा वेचून खाली आणावा, कोठे कोणता दगड हलला ते वहीत टिपावे, आणि पुढच्या वर्षी तीच वही घेऊन पुन्हा वर जावे. इतके झाले तरी १० वर्षांत त्या गडाची इतकी बारीक नोंद आमच्याजवळ असेल, जितकी कोणत्याही कचेरीत नसेल.

चांद्याचा कोट बांधावयास पिढ्या लागल्या; पाया घालणाऱ्याने कळस पाहिला नाही. तो राखण्याचे कामही त्याच जातीचे आहे. ज्यास त्याचा शेवट पाहावयाचा आहे त्याने त्यास हात न लावलेला बरा.