‘प्रकल्प’ आणि ‘प्रकल्पग्रस्त’ : माध्यमिक शाळेतील स्वयंप्रेरित प्रकल्प-मार्गदर्शनाचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : जासई, ता. उरण, जि. रायगड)

प्रस्तावना :

उरण तालुक्यातील जासई या गावात ‘प्रकल्प’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. शाळेत ते गुणांसाठी लिहिल्या जाणाऱ्या वहीचे नाव असते. घरात ते जमिनी संपादित करून उभ्या राहिलेल्या बंदराचे, रस्त्याचे किंवा शहराचे नाव असते, आणि त्यालाच ‘ग्रस्त’ हे पद जोडले की संपूर्ण कुटुंबाची ओळख तयार होते. नववी-दहावीतील विद्यार्थ्याच्या कानावर हे दोन्ही शब्द सतत पडतात. परंतु त्या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असू शकतो, असे त्याला क्वचितच सुचविले जाते. हा तुटलेला संबंध हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विद्यार्थ्याने स्वतःच्या आवडीचा प्रश्न निवडावा, त्याचा स्वतः शोध घ्यावा आणि शिक्षकाने केवळ मार्गदर्शन करावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. तिचा येथील प्रवास कसा झाला, ती कोठे रुजली व कोठे कोमेजली, याचा शोध ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने घेणे आणि त्या आधारे जासईसारख्या गावात प्रकल्प-मार्गदर्शन कसे करता येईल याचा विचार करणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत.

वैचारिक पार्श्वभूमी :

पुस्तकी शिक्षणाविषयीची तक्रार महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून आढळते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांमधून शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे नियम शिकविले जावेत, अशी मागणी केली होती. शाळेतील ज्ञान आणि शेतकऱ्याच्या मुलाचे जीवन यांत पडलेले अंतर त्यांनी अचूक हेरले होते.

‘प्रकल्प पद्धती’ या नावाने ओळखली जाणारी अध्यापनपद्धती पुढे अमेरिकेत मांडली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते व जॉन ड्यूई यांची व्याख्याने ऐकत होते, त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या टीचर्स कॉलेजमधील विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये आपला ‘प्रकल्प पद्धती’ हा प्रसिद्ध निबंध लिहिला. हेतू ठरविणे, योजना आखणे, कृती करणे आणि स्वतःच्या कामाचे परीक्षण करणे या चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. या पायऱ्या आपल्या अध्यापक विद्यालयांत आजही शिकविल्या जातात. मात्र हेतू विद्यार्थ्याचा असला पाहिजे, हा त्यातील गाभा पाठांतरात हरवतो. दुसऱ्या बाजूने, विद्यार्थ्याला मोकळे सोडले की शिक्षण आपोआप घडते, हा समजही ड्यूई यांना मान्य नव्हता. अधिक अनुभवी व्यक्तीचे मार्गदर्शन म्हणजे स्वातंत्र्यावर घाला नव्हे, हे त्यांनी १९३८ मधील आपल्या ग्रंथात स्पष्ट केले. आवड आणि मार्गदर्शन यांतील हा तोल पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

सेवाग्राम : जीवनातून शिक्षण

महाराष्ट्राच्या भूमीवर या विचाराचा सर्वांत मोठा प्रयोग वर्धा येथे झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला केंद्रस्थान देणाऱ्या शिक्षणाची कल्पना मांडली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अहवाल दिला. सेवाग्राम येथे ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी यांनी ‘नई तालीम’ प्रत्यक्षात आणली. कताई, शेती, स्वयंपाक, सफाई ही कामे करताना उद्भवणाऱ्या प्रश्नांतून गणित, विज्ञान व समाजशास्त्र शिकावे, हा ‘समवाया’चा विचार त्यामागे होता.

तथापि शासकीय पातळीवर प्रसार होताना या पद्धतीचे स्वरूप बदलले. अनेक ठिकाणी चरखा राहिला, पण चरख्यातून निर्माण होणारा प्रश्न राहिला नाही. पालकांनाही हे शिक्षण गरिबांसाठीचे दुय्यम शिक्षण वाटू लागले. सेवाग्राममधील मध्यंतरी खंडित झालेली परंपरा २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ शाळेच्या रूपाने पुन्हा सुरू झाली, ही समाधानाची बाब आहे. या इतिहासातून मिळणारा पहिला धडा असा की, कृती सक्तीची झाली आणि तिच्यातील जिज्ञासा निघून गेली, तर उरते ती केवळ मजुरी.

पाबळ : गावाला उपयोगी पडणारा विद्यार्थी

दुसरा महत्त्वाचा प्रयोग पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे झाला. उद्योगक्षेत्रातील संशोधनाचे काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चार विभागांतून विद्यार्थी काम करीत शिकत. या अनुभवावर आधारलेला ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय राज्यातील माध्यमिक शाळांतही पोहोचला. येथील वैशिष्ट्य असे की, विद्यार्थ्याच्या कामाचा ग्राहक गावातला असे. माती तपासून दिली किंवा लोखंडी फाटक जोडून दिले, तर त्यातील चूक गुण देणाऱ्याच्या आधी वापरणाऱ्याला कळे. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ ही आधुनिक कार्यशाळाही पाबळमध्ये आली. डॉ. कलबाग यांचे २००३ मध्ये निधन झाले. तरी संस्थेचे कार्य पुढे चालू राहिले. ज्याचे उत्तर कोणाला तरी खरोखर हवे आहे असा प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती असावा, हा पाबळने दिलेला दुसरा धडा होय.

बालविज्ञान परिषद आणि सक्तीची वही :

१९९३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी प्रा. यशपाल यांच्या समितीने ‘ओझ्याविना अध्ययन’ हा अहवाल सादर केला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेला आरंभ झाला. १० ते १७ वयोगटातील मुलांनी गट करून आपल्या परिसरातील प्रश्न निवडावा, नोंदवही ठेवावी, निरीक्षणे मांडावीत आणि जिल्हा, राज्य व राष्ट्र या पातळ्यांवर ती तज्ज्ञांसमोर सादर करावीत, अशी तिची रचना आहे. मार्गदर्शक शिक्षकाला तिच्यात निश्चित स्थान आहे. तथापि एका शाळेतून मोजकेच विद्यार्थी तेथपर्यंत पोहोचतात.

उर्वरित सर्व विद्यार्थ्यांपर्यंत प्रकल्प पोहोचला तो सक्तीच्या मार्गाने. पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर शिकविला जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात सांगितले. त्यानंतरच्या दशकांत शालेय व कनिष्ठ महाविद्यालयीन अभ्यासक्रमात पर्यावरण प्रकल्प आला. २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्पाला स्थान मिळाले. हेतू चांगला होता, यात शंका नाही. मात्र प्रत्येक विषयाला प्रकल्प, प्रत्येक प्रकल्पाला गुण आणि ते देणाऱ्या शिक्षकासमोर पूर्ण भरलेली तुकडी, अशा स्थितीत मार्गदर्शनासाठी वेळ कोठून येणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. परिणामी बाजारात तयार प्रकल्प विकत मिळू लागले.

प्रस्तुत लेखकाने कनिष्ठ महाविद्यालयात असताना जलप्रदूषणावरील आपली प्रकल्पवही वरच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या वहीवरून उतरवून काढली होती. त्या वहीत ज्या नदीचे वर्णन होते, ती नदी लेखकाने तोपर्यंत पाहिलीही नव्हती. वहीला चांगले गुण मिळाले आणि कोणीही एकही प्रश्न विचारला नाही. पुढे एम.फिल.च्या प्रबंधासाठी स्वतःचा प्रश्न मांडण्याची वेळ आली, तेव्हा या गुणांची खरी किंमत कळली. आज तर वही उतरवून काढण्याचेही श्रम उरलेले नाहीत. मागेल तो मजकूर यंत्र तयार करून देते. त्यामुळे तयार वहीला गुण देण्याची पद्धत आता पूर्णतः निरर्थक ठरली आहे.

जासई : दाराशी असलेला इतिहास

या पार्श्वभूमीवर जासईकडे पाहता येते. भातशेती, मिठागरे आणि खाडी यांच्या आधारे जगणारा हा परिसर होता. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्याची प्रक्रिया सुरू झाली. जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील (१९२६-२०१३) यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी न्याय्य मोबदल्यासाठी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मूळ शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर कार्यान्वित झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी लोकल रेल्वेही उरणपर्यंत पोहोचली.

एका आयुष्याच्या अवधीत घडलेले हे स्थित्यंतर आहे. १९८४ मध्ये विशीत असलेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या आठवणी, घरातील पेटीत ठेवलेल्या नोटिसा, जुने सातबारे, शेताच्या बांधांची व उघाड्यांची नावे यांची नोंद आज झाली नाही, तर पुढील दशकात ती करता येणार नाही. हे काम गावातील विद्यार्थ्यांनी करणे स्वाभाविक ठरेल.

परंतु येथेच सावधगिरी आवश्यक आहे. ‘आमच्या गावाचा लढा’ हा विषय शिक्षकाने फळ्यावर लिहून दिला, तर तीही एक सक्तीची वहीच होईल. सेवाग्रामच्या चरख्याचे जे झाले तेच हुतात्म्यांच्या स्मृतीचे होईल. मोठ्यांची आस्था ही मुलाची आवड असतेच असे नाही, आणि ती नसणे हा मुलाचा अपराधही नाही.

मार्गदर्शकाचे कार्य :

म्हणून आरंभ मुलाच्या आवडीपासून व्हावा. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरचे आकर्षण आहे. ‘ट्रेलर’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. आपल्या फाट्यावरून सकाळच्या एका तासात किती ट्रेलर जातात, हा मोजता येणारा प्रश्न आहे. तो मोजताना हा रस्ता केव्हा झाला आणि त्यापूर्वी येथे काय होते, हे प्रश्न येतात. त्यांची उत्तरे आजीपाशी असतात. एखाद्या विद्यार्थिनीला स्वयंपाकाची आवड असेल, तर आजीच्या लहानपणी खाडीतून घरात येणारे जिताडे, निवट्या, चिंबोऱ्या आणि आज बाजारातून येणारी मासळी यांची तुलना तिला करता येईल. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना आपले मैदान पूर्वी कोणाचे भातशेत होते, हे शोधता येईल. वाटा वेगवेगळ्या असल्या, तरी बहुतेक वाटा अखेर जमिनीपाशी येतात. त्या तेथे ओढून आणाव्या लागत नाहीत. आणि एखादी वाट तेथे आली नाही, तरी तो प्रकल्प कमी प्रतीचा ठरत नाही.

या प्रवासात मार्गदर्शकाची खरी गरज तीन ठिकाणी भासते. आवडीचे रूपांतर तपासता येण्याजोग्या प्रश्नात करणे हे पहिले ठिकाण. दुसरे, काम मध्येच थांबते तेव्हा सोबत राहणे. दोन वृद्ध एकाच दिवसाची हकिगत वेगवेगळी सांगतात, तेव्हा विद्यार्थी गोंधळतो. त्या वेळी ‘खरे काय ते मी सांगतो’ असे न म्हणता, तत्कालीन वृत्तपत्र व कागदपत्रे कोठे पाहावीत हे दाखविले, तर इतिहासाची पद्धती त्याला अनुभवातून कळते. तिसरे ठिकाण विवेकाचे आहे. मोबदल्याची रक्कम, भावाबहिणींतील वाटे, विकून टाकलेले भूखंड या गोष्टी अनेक घरांत आजही दुखऱ्या आहेत. सांगणाऱ्याच्या परवानगीविना काहीही लिहू नये आणि न सांगण्याचा त्याचा अधिकार मानावा, हे विद्यार्थ्याला आधीच समजावले पाहिजे.

निष्कर्ष व सूचना :

१) प्रकल्पाचे यश साधनांपेक्षा प्रश्नाच्या मालकीवर अवलंबून असते. प्रश्न विद्यार्थ्याचा असेल तरच शोध त्याचा होतो.

२) मार्गदर्शनाला लागणारा वेळ शिक्षकाच्या कार्यभारात धरला न जाणे, हे प्रकल्प निर्जीव होण्याचे एक प्रमुख कारण होय. प्रत्येक विषयाला एक याऐवजी वर्षाला एकच, पण पूर्ण प्रकल्प असावा.

३) सजविलेल्या वहीऐवजी कच्च्या नोंदवहीचे मूल्यमापन व्हावे. फसलेला प्रयत्न व बदललेला प्रश्न यांनाही गुण असावेत.

४) पूर्ण झालेल्या कामाची एक प्रत माहिती देणाऱ्यांच्या संमतीने शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात जतन व्हावी, म्हणजे पुढील वर्षीचा विद्यार्थी तेथून पुढे जाईल.

५) राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आले आहेत. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी त्या अंतर्गत जवळच्या शाळेतील एका गटाचे सहमार्गदर्शक व्हावे. प्रश्न विचारण्याची सवय नसलेले विद्यार्थी आपल्याकडे येतात, ही प्राध्यापकांची नेहमीची तक्रार आहे. तिच्या निवारणात आपलाही वाटा असला पाहिजे.

समारोप :

जासईच्या मागील दोन पिढ्यांच्या आयुष्यात प्रकल्प बाहेरून आले. ते कोठे व्हावेत, कसे व्हावेत, हे त्या पिढ्यांना विचारले गेले नाही. विचारले जावे म्हणून त्यांना रस्त्यावर उतरावे लागले. त्यांच्या नातवंडांना शाळेत मिळणारा प्रकल्पही जर वरून ठरलेलाच असेल, तर या लढ्याचा अर्थ शाळेपर्यंत पोहोचला असे म्हणता येणार नाही. निदान एक प्रकल्प तरी या मुलांनी स्वतः ठरवावा आणि आपण त्यांच्यासोबत चालावे, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.