वंशावळ आणि नोंदींची सत्ता : व्हर्जिनियातील वसाहतकालीन घराणी
इंग्रजांनी इ.स. १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउन वसाहत स्थापिली. तेथील तंबाखू-उत्पादक जॉन रॉल्फ याचा १६१४ मध्ये पोव्हाटन प्रमुखाची कन्या पोकाहॉन्टस हिच्याशी विवाह झाला. त्यांचा पुत्र थॉमस याच्यापासूनची वंशावळ अनेक घराणी अभिमानाने सांगत आली आहेत. व्हर्जिनियाच्या १९२४ च्या वंशशुद्धी कायद्याने श्वेतवर्णीयाची व्याख्या काटेकोर केली; तरी या घराण्यांसाठी एक-षोडशांश आदिवासी रक्ताची सवलत ठेवली.

याउलट, १६१९ मध्ये तेथे आणलेल्या वीसहून अधिक आफ्रिकी व्यक्तींची नोंद रॉल्फनेच केली, पण नावांविना. १८५० व १८६० च्या गुलामगणनेतही मालकाचे नाव येते. गुलामांचे बहुधा केवळ वय, लिंग व वर्ण. परिणामी त्यांच्या वंशजांचा शोध बहुतेकदा १८७० च्या जनगणनेपाशी अडतो. त्यामागे जायचे, तर मालकाच्या मृत्युपत्रात व मालमत्तेच्या यादीत आपला पूर्वज शोधावा लागतो.

सारांश, वंशावळीची लांबी ही घराण्याच्या प्राचीनत्वापेक्षा नोंदी ठेवण्याच्या सत्तेची निदर्शक आहे. म्हणून 'मूळ पुरुष कोण?' या प्रश्नाआधी संशोधकाने 'नोंद कोणी केली?' हे विचारणे अगत्याचे ठरते.