करार

‘करार’ हा शब्द फारसी दफ्तरांच्या वाटेने मराठीत आला असला, तरी त्याचे मूळ अरबी असून स्थिरावणे, ठरणे हा त्या धातूचा अर्थ होय. ‘मुक्रर’ आणि ‘इकरार’ हे त्याच्याच कुळातले, आणि ‘बेकरार’ म्हणजे ज्याचे चित्त ठरत नाही तो. हे स्थैर्य असत्य कथनाने कसे ढळते, याचा विचार १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या १८ व्या कलमात आहे. त्यातील मार्मिक भाग असा की, बोलणाराचा आपल्या शब्दांवर प्रामाणिक विश्वास असला, तरी पुरेशा माहितीवाचून ठामपणे केलेले असत्य विधान त्याला दोषमुक्त करीत नाही. कपट ही १७ व्या कलमाची बाब. साधारण दक्षतेने ज्याला सत्य उमगले असते, त्याला मात्र १९ वे कलम करारमुक्ती नाकारते, आणि भोळ्यांवरचा हा बोजा मला जरा जडच वाटतो.