जर्मेनियमचे वार्धक्य

व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात काचनलिका, आज ना उद्या निकामी होणार हे गृहीत धरून तिच्यासाठी सॉकेट ठेवलेले असे. ट्रान्झिस्टरमध्ये तापणारी तारच नसल्यामुळे तो झिजणार नाही या विश्वासाने तो बहुधा थेट डाग देऊन बसवला गेला. 1950 च्या दशकाअखेरीस आलेला स्टेफान कुडेल्स्की यांचा ‘नाग्रा 3’, 1961 चा म्युनिकच्या ऊहर कंपनीचा ‘4000 रिपोर्ट’ आणि फिलिप्सने 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेला कॅसेट रेकॉर्डर ही सेलवर चालणारी ध्वनिमुद्रण यंत्रे जर्मेनियमच्या अशाच ट्रान्झिस्टरांवर उभी होती, आणि आज त्यांच्या जीर्णोद्धारात तो विश्वासच तपासावा लागतो.

सिलिकॉनवर जमणारा ऑक्साइडचा थर त्याचे रक्षण करतो, तर जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. त्यामुळे आवरणाची सीलबंदी ढिली होऊन आत दमटपणा शिरला की गळतीप्रवाह, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून झिरपणारी वीज, वाढत जातो. टेपच्या हेडकडून येणारा संकेत इतका क्षीण असतो की पहिल्या टप्प्यातील एवढ्याशा बिघाडानेही सगळे ध्वनिमुद्रण खरखरीत बुडते. ‘एएफ 114’ ते ‘एएफ 117’ या ट्रान्झिस्टर-मालिकेची व्यथा निराळी आहे: धातूच्या डबीच्या आतील कथिलाच्या मुलाम्यातून केसासारखे तंतू वाढतात आणि आतील जोडण्या डबीला चिकटवतात. हे तंतू न वापरलेल्या नगांतही वाढत असल्याने जुना कोरा साठा हा खात्रीचा उपाय ठरत नाही. भारतातही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1962 पासून फिलिप्सच्या सहकार्याने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवले. त्या काळच्या नगांचेही वय आता साठीच्या आसपास आहे.

सिलिकॉनचा पर्याय बसवताना केवळ पीएनपी ही जात जुळवून भागत नाही, कारण जर्मेनियमला सुरू होण्यास सुमारे 0.2 व्होल्ट पुरतात, तर सिलिकॉनला 0.6 व्होल्टच्या आसपास लागतात. म्हणून ट्रान्झिस्टरच्या बेस या टोकाला दाब पुरवणारे रोध बदलावे लागतात, आणि टप्पे एकमेकांना थेट जोडलेले असतील तर एका जागचा बदल पुढच्या टप्प्यांपर्यंत पोहोचतो. सरसकट सगळे ट्रान्झिस्टर काढून टाकण्याची घाई म्हणूनच अनाठायी आहे: गळती मोजावी, सदोष नग तेवढाच बदलावा, मूळ रोधांची नोंद ठेवावी. आंदोलकाचा, म्हणजे मुद्रणासाठी ऐकू न येणारी उच्च कंपनसंख्येची ‘बायस’ धारा निर्माण करणाऱ्या भागाचा, ट्रान्झिस्टर बदलल्यास ती धारा वापरायच्या टेपनुसार पुन्हा जुळवणे अपरिहार्य ठरते, कारण ती कमी पडल्यास आवाज फाटतो आणि जास्त झाल्यास त्यातील तीव्र स्वर मंदावतात.