भाड्याने दिलेले घर आणि भांडवली नफ्यावरील कर



जतसारख्या अवर्षणाच्या मुलखातून पोटासाठी मुंबई-पुण्यास गेलेल्या कुटुंबांची घरे एक तर कुलूपबंद राहतात, नाही तर बदलून आलेल्या एखाद्या शिक्षकास अथवा तलाठ्यास भाड्याने दिली जातात. शिक्षकी पेशात अशा घरांत भाडेकरू म्हणून मी बरीच वर्षे काढली आहेत. पुढे केव्हा तरी मालकाची मुले परगावी स्थिरावतात, वडीलधारी माणसे निवर्ततात, आणि घर विकण्याचे ठरते. त्या वेळी प्रश्न उभा राहतो तो असा : ज्या घराचे भाडे घेतले, त्या घरास सरकार राहत्या घराची सवलत देईल काय? या एका प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

हिंदुस्थानात प्राप्तिकर प्रथम बसला तो १८६० साली, जेम्स विल्सन यांच्या हातून. पुढे दीर्घकाळ हा कर उत्पन्नावर होता. मालमत्ता विकून आलेल्या वाढीव किमतीवर नव्हता. १९३२ साली प्रिव्ही कौन्सिलने एका निकालात उत्पन्नास झाडाच्या फळाची अथवा शेताच्या पिकाची उपमा दिली. या विचारसरणीप्रमाणे घराचे भाडे हे फळ झाले, आणि घर हे झाड. फळावर कर द्यावा, झाड विकले तर देऊ नये, अशी त्या काळची समजूत होती.

ही समजूत मोडली ती २८ फेब्रुवारी १९४७ रोजी. हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी त्या दिवशी मांडलेल्या अंदाजपत्रकात भांडवली नफ्यावर कर सुचविला, आणि ३१ मार्च १९४६ नंतरच्या विक्रीस तो लागू झाला. परंतु जतच्या रहिवाशांना त्याची झळ लागली नाही. जत हे तेव्हा डफळे घराण्याचे संस्थान होते, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा प्राप्तिकर कायदा तेथे चालत नव्हता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीन संस्थानांना केंद्राचे करविषयक कायदे लागू झाले ते १९४९ साली. इकडे त्याच वर्षी जॉन मथाई यांच्या अंदाजपत्रकाने हा नवा कर उठविला, आणि ३१ मार्च १९४८ नंतरच्या विक्रीस तो उरला नाही. तात्पर्य, कायदा जतेस पोचण्यापूर्वीच कर निघून गेला होता.

तो परत आला १९५६ साली. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी हिंदुस्थानच्या करपद्धतीची पाहणी करून त्याची शिफारस केली, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ती अमलात आणली. नंतर १९६१ चा प्राप्तिकर कायदा झाला. त्याच्या ५४ व्या कलमाने घर विकून दुसरे घर घेणारास सवलत दिली. मात्र तिला एक अट होती. विक्रीच्या लगतपूर्वीची दोन वर्षे ते घर मालकाने अथवा त्याच्या आईवडिलांनी मुख्यतः स्वतःच्या राहण्यासाठी वापरलेले असले पाहिजे!

या अटीचा भार कोणावर पडला ते पाहावे. चाकरीनिमित्त परगावी राहणारा, आणि म्हणून गावचे घर भाड्याने देणारा मनुष्य सवलतीस मुकला. त्यातच मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा जेथे लागू होता, तेथे बसलेला भाडेकरू उठविणे कठीण. म्हणजे मालकास स्वतःच्या घरात परत जाता येईना, आणि परत जाऊन राहिला नाही म्हणून सवलतही मिळेना.

ही अडचण १९८२ च्या वित्त कायद्याने दूर केली. १ एप्रिल १९८३ पासून स्वतः राहण्याची अट गेली. घर राहण्याजोगे असावे आणि त्याचे उत्पन्न घरमालमत्तेच्या सदराखाली येणारे असावे, एवढेच उरले. आत कोण राहत होते, हा प्रश्न मिटला. विकून आलेल्या नफ्याचे काय केले, हा प्रश्न मुख्य झाला.

हा फरक लहान नव्हे. इंग्लंडात १९६५ साली असा कर बसला. तेथे आजही मालक स्वतः किती काळ राहिला याचा हिशेब करून सूट मिळते, आणि भाड्याच्या काळासाठी असलेली जादा सूट एप्रिल २०२० पासून बहुतेकांच्या बाबतीत बंद झाली. अमेरिकेत भाड्याच्या काळात घसाऱ्याची वजावट घेतली असेल, तर विकताना तेवढ्या नफ्यावर कर भरावा लागतो. आपल्याकडे भाडेउत्पन्नातून घराचा घसारा वजा होत नाही, म्हणून तो प्रश्नच येत नाही.

आता आकड्यांकडे वळू. समजा, २००१-०२ साली ५ लाखांस घेतलेले घर जानेवारी २०२५ मध्ये २५ लाखांस विकले. १९९२ च्या सुधारणेने आलेल्या महागाई निर्देशांकाप्रमाणे (१०० चे ३६३) खरेदीची किंमत १८ लाख १५ हजार धरावी लागते. नफा ६ लाख ८५ हजार, आणि २० टक्क्यांनी कर १ लाख ३७ हजार. २३ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या पद्धतीने निर्देशांक नाही, दर साडेबारा टक्के; २० लाखांवर कर अडीच लाख. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरास, मालक येथील रहिवासी असल्यास, यांपैकी कमी कर भरण्याची मुभा ठेवली आहे. यावरचा उपकर मी धरलेला नाही.

परंतु हा सर्व कर वाचविता येतो. घर दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असावे; वडिलोपार्जित असल्यास पूर्वजांचा काळही धरतात. विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घ्यावे, अथवा तीन वर्षांत बांधावे. त्यात पूर्ण नफा गुंतला पाहिजे, आणि नवे घर तीन वर्षे विकू नये. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत रक्कम खर्च न झाल्यास ती बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी. ही गोष्ट विसरून अनेकांची सवलत बुडते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या २०२५ च्या नव्या कायद्यातही ही सवलत आहे. कलमाचा आकडा तेवढा निराळा.

तेव्हा गावचे घर भाड्याने दिले म्हणून कोणी घाबरू नये, आणि केवळ कराच्या भीतीने ते कुलपाखाली पडू देऊ नये. बंद घरास वाळवी लागते. वसत्या घरात निदान दिवा लागतो. खरेदीखत, दुरुस्तीच्या पावत्या व भाड्याचे कागद मात्र जपून ठेवावेत. कायदा आता आत कोण राहत होते हे विचारीत नसला, तरी कागद अजून विचारतो.