दशावतारी आख्यान
दशावतारी आख्यान : लिखित संहितेशिवाय, कथेच्या आराखड्यावरून नटसंचाने एकत्रितपणे संवाद रचत सादर करावयाचे कोकणातील लोकनाट्य.

उगम : दक्षिण कोकण व उत्तर गोव्यातील मंदिरांच्या जत्रांत हा प्रकार रुजला. कर्नाटकातील यक्षगानाशी त्याचे साधर्म्य आढळते (पहा : यक्षगान).

स्वरूप : प्रयोगाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात गणपती, सरस्वती यांचे प्रवेश आणि शंखासुराचा वध होतो (पहा : आड दशावतार). उत्तररंगात पौराणिक आख्यान रंगते. प्रयोगापूर्वी कंपनीचा मालक किंवा ज्येष्ठ नट कथानक सांगतो, प्रवेशांचा क्रम ठरवतो आणि पात्रे वाटून देतो. संवाद नट रंगमंचावर स्वतः रचतात. समोरच्या पात्राच्या वाक्यातला धागा उचलून युक्तिवाद पुढे नेणे हे त्यातील मुख्य कौशल्य होय. हार्मोनियमवादक पदे गाऊन प्रसंग जोडतो; मृदंग व झांज साथीला असतात. नट आपली रंगभूषा स्वतः करतात. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष करतात. नेपथ्य अत्यल्प असते : एकच बाकडे राजसभेत सिंहासन होते. खेळ रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. अलीकडे दृश्यचमत्कारांवर आधारित ‘ट्रिकसीन’ नाटकेही होतात.

महत्त्व : संवादनिर्मिती समूहाकडे सोपवणारी ही पद्धत अद्याप प्रचलित आहे. विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’पासून (१८४३) सुरू झालेल्या आरंभीच्या मराठी नाटकांतही सूत्रधार पदे गाई आणि पात्रे बरेचसे भाषण स्वतः रचत (पहा : भावे, विष्णुदास; वग).